तेराशे सात

शारजा, इंडस्ट्रियल एरिया सहा.
शटर अर्धं खाली. बाहेर शमाल,
पत्र्यावर कुणी रात्रभर रवा चाळतंय तशी वाळू.
आत प्लॉटरचा हात कागदावर
जातो, थबकतो, पेन उचलतो,
भलतीकडेच टेकवतो.
रोमेल म्हणतो, डॉक्टरची चिठ्ठी लिहितोय बघ.

दिवसा आम्ही 'भाड्याने देणे आहे' छापतो,
आणि मंदीचे मेन्यू.
(मंदी म्हणजे इथं मटण आणि भात,
आपल्याकडची नव्हे.)
रात्री हॉटेलचं काम.
अल खानच्या कडेला नवं हॉटेल, दोनशे बारा खोल्या,
आणि मौझाबाईंची अट एवढीच:
दोन भिंतींवर एक चित्र नको.

कोड माझा. साठेक ओळी.
रेघ कुठून निघेल, किती चालेल,
कुणाला आडवी जाईल, मी ठरवत नाही.
पडेल ते दान.
पण दान टाकायलाही मुठीत काहीतरी लागतं,
एक आकडा. त्याला बी म्हणतात.
मी खोलीचा नंबर पेरतो.
चारशे सात पेरलं की चारशे सातच उगवतं,
दर खेपेला, काडी न् काडी तीच.
म्हणजे योगायोगसुद्धा
घरून पाठ करून आलेला.

एकदा लेबर कार्डाचा नंबर पेरून बघितला.
कोपऱ्यात तीन रेघा, बाकी कोरं.
रोमेल इतका हसला की शाईची बाटली लवंडली.
त्याच्या नंबरात जंगल उगवलं होतं.

बापू इचलकरंजीत माग चालवायचे. छत्तीस वर्षं.
डॉबीच्या पट्टीत खुंटी असेल तिथं धागा वर,
नसेल तिथं खाली,
आणि शंभरावा वार पहिल्या वारासारखा.
नसला, तर मेहता खडूनं गोल करायचा.
पगाराच्या पाकिटात त्या गोलाएवढं भोक.
आमच्या घरात 'वेगळं' हा शब्द
त्या गोलातच राहायला होता.

आणि माझ्या कोडात एक ओळ आहे:
शंभरात एक रेघ
मध्येच तुटू दे.
ती लिहिताना हात थांबला होता.
मग लिहिली.

हॉटेलला तेरावा मजला नाही,
लिफ्ट बारानंतर चौदा म्हणते.
पण आकड्याला कोण अडवणार?
शेवटी एक शीट उरली, तीत मी तेराशे सात पेरलं.
जी खोली नाही, तिचं चित्र
आता माझ्या बंकच्या डोक्याशी,
चार कोपऱ्यांना सेलोटेप.

फोटो बापूंना पाठवला, मग व्हिडिओ कॉल.
त्यांचे कान मागांनी कधीच नेले,
म्हणून आमचं बोलणं म्हणजे बघणं.
आईचा फोन एका हातात, स्वतःचा नाकाशी,
चित्र बोटांनी फाकवत
ते चालत गेले, रेघेरेघेनं, डावीकडून उजवीकडे.
गल्लीच्या मशिदीतली अजान सुरू होऊन संपली.
मग करंगळीचं नख एका जागी.

"हितं तुटलाय."
मी मान हलवली.
"सांधला न्हाईस?"
मुद्दाम, मी म्हणालो. पोचलं नाही.
मुद्दाम!
खालच्या बंकवरचा इलियास दचकून उठून बसला.

बापू बराच वेळ फोनच्या बाहेर कुठंतरी बघत राहिले.
"पैसं कापलं का रं?"
नाही.
"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले,
सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला,
आणि पुन्हा पहिल्या धाग्यापासून
बघायला लागले.